छतातली चौतीस मडकी

व्होक्लेर, २० फेब्रुवारी १९९८

प्रिय आर्मेल,

नव्या वर्षाचं कार्ड पाठवून दीड महिना होतो न होतो तोच हे पाकीट. एकतीस वर्षं आपण एकमेकींना वर्षाला एक कार्ड घालतो, त्यावर दोन ओळी, त्यातली एक छापील. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला नको ते वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. चर्चचं छत पडलंय.

सगळं नाही. गेल्या महिन्यात एका मंगळवारी इव्होन ताबुएल झाडायला गेली. तुला आठवेल ती, बेकरीवाल्यांची इव्होन, शाळेत आपल्या मागे बसून तासभर पाव चघळायची. आता तिला फार कमी ऐकू येतं. वेदीच्या अगदी जवळ हातभर गिलावा कोसळला आणि तिला पत्ताच नाही. पायाखाली कचकन लागलं तेव्हा तिने वर पाहिलं. मग माझ्या दारात येऊन म्हणाली, "युगेत, आभाळ पडायला लागलंय. किल्ली घे आणि चल."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून चर्चची किल्ली माझ्याकडे असते. पाद्रीसाहेबांना नऊ गावं सांभाळायची, ते आमच्या वाट्याला तिसऱ्या रविवारी येतात. सध्या मिस्साची प्रार्थना नगरसभेच्या खोलीत होते, प्रजासत्ताकाच्या अर्धपुतळ्याखाली. इव्होन म्हणते, देव आणि सरकार एका खोलीत बसलेले तिने पहिल्यांदाच पाहिले, आणि दोघंही अवघडलेले दिसतात.

दुरुस्तीला रुआंहून कॉर्बँ नावाचा गवंडी आलाय, हाताखाली चार माणसं. लाकडी हातोडीने छतावर टकटक करतो, कान लावतो, आणि पोकळ आवाज आला की खडूने गोल काढतो. बाबा असेच करायचे. परांची बांधून झाली तशी मीही वर चढले. सत्तावन्नाव्या वर्षी. छताच्या फासळ्या जिथे एकत्र येतात तिथल्या कळीच्या दगडावर गुलाब कोरलाय. खालून आपण त्याला कोबी म्हणायचो. जवळून पाहिलं तर वरच्या, कुणालाच दिसणार नाही अशा बाजूलाही पाकळ्यांच्या शिरा आहेत.

कॉर्बँला मी आपल्या घरचा जुना वाद विचारला. वेदीकडचा भाग बाकीच्या चर्चशी सरळ रेषेत नाही, डावीकडे कललाय. कॉन्व्हेंटच्या मदर आंजेलिक सांगायच्या की ती क्रुसावर कललेली येशूची मान आहे. आणि बाबा सूप पिता पिता म्हणायचे, "मान कसली, आखणीची दोरी चुकली. इंग्रजांनी गाव जाळलं, काम साठ वर्षं पडून राहिलं, पुढच्यांनी आधीच्यांची खूण शोधलीच नाही." कॉर्बँ म्हणाला, "बाई, दोन्ही खरं. दोरी आधी चुकली, मग कुणा पाद्र्याने मान शोधून काढली."

ऑगस्टच्या ३० तारखेला, संत ऊआँच्या सणाच्या रविवारी, चर्च पुन्हा उघडायचं ठरलंय. तू आत पाऊल ठेवलंस त्याला बेचाळीस वर्षं होतील. तुझं लग्नही तू नगरसभेतच लावलंस. आईच्या अंत्यविधीच्या वेळी बाहेर उभी राहिलीस. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. पण या वेळी येशील का, एवढंच विचारते. पुढच्या खोलीतला पलंग तुझाच आहे, गादी नवी केलीय.

तुझी,
गेत


व्होक्लेर, १७ मार्च १९९८

प्रिय आर्मेल,

तुझं कार्ड मिळालं. "छत पडलं तर बांधा. मी येणार नाही. आ." बंदराच्या चित्राचं कार्ड होतं. तुझ्या नवऱ्याच्या गोदीचं ना ते? तुझा इव्ह जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हाही मी आले नाही, फक्त कार्ड पाठवलं, हे मला आठवतंय.

तरी पुन्हा लिहिते, कारण इथे एक गोष्ट सापडलीय आणि ती तुझी आहे.

कॉर्बँने वेदीवरच्या छताचा सुटा गिलावा काढायला घेतला. आत तळहाताएवढं एक गोल भोक निघालं, प्लास्टरने बुजवलेलं. त्याला वाटलं, परांचीचे वासे खोवायला जुने लोक भिंतीत भोकं ठेवायचे, त्यातलंच एक. पण छतात वासे कोण खोवणार? त्याने छिन्नीने प्लास्टर फोडलं. आत मातीचं मडकं. आडवं घातलेलं, तोंड आपल्याकडे, पोट दगडात. शेजारी दुसरं. मोजून चौतीस निघाली, काही छतात, काही वेदीच्या दोन्ही भिंतींत उंचावर. चर्च बांधलं तेव्हाच गवंड्यांनी ती बसवली होती, गाणाऱ्याचा आवाज घुमावा म्हणून. एका मडक्याच्या काठावर कुंभाराच्या तीन बोटांचे ठसे आहेत. मी माझी बोटं त्यात ठेवली. बारीक हात असावा, बाईचा किंवा पोराचा.

लहानपणी आपण त्यांना देवाचे कान म्हणायचो, आठवतं? खालून काळे ठिपके दिसायचे. तू सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या बरोबर खाली उभी राहून गायचीस. म्हणायचीस, "गेत, मी गाते आणि भिंत मला परत देते." मी उभी राहून पाहायचे, मला भिंत काही द्यायची नाही. माझा आवाज म्हणजे करकरणारी बिजागरी.

आता मुद्द्याचं. मडक्यांत प्लास्टरच्या आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. कॉर्बँने एक उलगडला. तारीख १४ ऑक्टोबर १९५६.

तू त्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये होतीस, नाताळला घरी आलीस. रुआंच्या संगीतशाळेसाठी तुझं नाव धाडायचं की नाही हे ठरवायला मदर आंजेलिक मुद्दाम आपल्या चर्चमध्ये आल्या. तू गायलीस, आणि गाता गाता तुझा चेहरा उतरला. नंतर म्हणालीस, "भिंत मेली." त्या दिवशी ठरलं की तुझा आवाज एका खोलीपुरता आहे, मोठ्या जागेचा नाही.

आर्मेल, भिंत मेली नव्हती. तिचे कान कुणीतरी दोन महिने आधी बुजवले होते. तुझ्या आवाजाला काही झालं नव्हतं. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

गेत


व्होक्लेर, पवित्र गुरुवार, ९ एप्रिल १९९८

प्रिय आर्मेल,

आज घंटा ईस्टरपर्यंत गप्प झाल्या. त्यांच्या बदली पोरं लाकडी खडखडे वाजवत गल्लीतून फिरताहेत, त्यामुळे डोकं उठलंय. तुझ्या कार्डाला आठ दिवस उत्तर दिलं नाही, त्याला मात्र खडखडे कारण नाहीत.

तू लिहिलंस: "छप्पन साली गावात गवंडी एकच होता. आणि लढाईपासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. 'कुणीतरी' कोण? आणि त्याच्याबरोबर परांचीवर कोण होतं?"

बाबा होते. आणि मी होते.

सप्टेंबरात मुलांच्या दृढीकरणाच्या विधीला बिशप आले होते. तू तेव्हा शाळेत परत गेली होतीस; आईला अर्धांगवायू झाला म्हणून मी मात्र नोव्हेंबरपर्यंत घरीच राहिले होते. त्या उन्हाळ्यात गांधीलमाश्यांनी देवाच्या कानांत घरं केली होती. बिशप तेलाचं बोट घेऊन लुईझ दोव्हेर्नच्या कपाळापर्यंत पोचले आणि एक माशी त्यांच्या कानाच्या पाळीला चावली. तेल लुईझच्या नाकात गेलं. संध्याकाळी फादर केनेल आपल्या स्वयंपाकघरात, बाबांना आडनावाने हाक मारत.

"लेकानु, ती भोकं बंद करून टाका."

बाबा म्हणाले, "फादर, ती भोकं उगीच ठेवलेली नाहीत. जुने लोक वेडे नव्हते."

"उगीच नाही तर कशासाठी?"

"ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. गांधीलमाश्यांसाठी. बुजवा."

आई पलंगावरून हसली. तिच्या तोंडाची एकच बाजू तेव्हा हसायची. ते हसू मला अजून दिसतं.

बाबा वर चढायचे आणि मी त्यांच्या एक फळी वर. ते बादलीत प्लास्टर कालवायचे, मी बोळा कोंबायचे, थापी फिरवायचे. त्यांचा हात पोचत नव्हता तिथे माझा पोचायचा. चौतीसपैकी निम्म्यांवर माझ्या हाताचं काम आहे. वरून चुना फासला. बाबा खाली उतरल्यावर मध्यभागी उभे राहिले, दोनदा खोकले, आणि म्हणाले, "गेत, आर्मेलला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

म्हणून सांगितलं नाही. तू नाताळात गात होतीस तेव्हा मला माहीत होतं भिंत का मेली ते. मी पंधरा वर्षांची होते. बाबांचा शब्द होता. मग तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो का असं मदर आंजेलिकनी विचारलं आणि मी म्हणाले की पोचत नाही, आणि ते खरंच होतं, कारण मडकी बंद होती. आता तुला सगळं ठाऊक झालं.

माफ कर. ईस्टरच्या शुभेच्छा. सशाचं मांस केलंय, एकटीला पुष्कळ होईल.

गेत


व्होक्लेर, २३ मे १९९८

प्रिय आर्मेल,

तुझं काही आलं नाही. मी वाट पाहते असं नाही, पण पोस्टात चौतीस वर्षं काढल्यावर सायकलची घंटा आपोआप ऐकू येते.

मडकी सगळी मोकळी झालीत. उघडी ठेवायची की पुन्हा झाकायची यावर सरकारी वास्तुतज्ज्ञ आणि पाद्रीसाहेब यांचं भांडण जुंपलं, म्हणून रुआंहून एक बाई आली, आवाज मोजणारी. तरुण आहे, केस पुरुषी कापलेले. बरोबर एक यंत्र आणि पिशवीभर लाल फुगे. वेदीपाशी उभी राहून ती फुगा फोडायची आणि यंत्र तो आवाज किती वेळ टिकतो ते लिहून घ्यायचं. आधी मडकी उघडी ठेवून, मग चिंध्यांनी बंद करून, मग परत उघडी.

इव्होन दारात कुंचा घेऊन उभी. पाचव्या फुग्याला तिला ऐकू आलं. म्हणाली, "युगेत, देवळात वाढदिवस कुणाचा आहे?"

मी म्हणाले, "मोजमाप चाललंय."

"मोजा, मोजा. रबर मात्र मी उचलणार नाही."

दुपारी त्या बाईने जिन्यावर बसून डबा खाल्ला. मी तिला आपल्या सफरचंदाची दारू दिली आणि विचारलं, मडकी बंद असताना इथे गाणाऱ्या मुलीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल का.

ती म्हणाली, "पोचेल की. न पोचायला काय झालं? एवढं उंच दगडी छत आहे, कुजबुजसुद्धा पोचते."

"पण मडकी?"

"मडक्यांचा फरक असा नाहीच जवळपास. यंत्रालाही कष्टाने सापडतो. गाणाऱ्याला स्वतःला त्यांच्या खाली उभं राहून कदाचित थोडं वेगळं वाटत असेल. मागच्या माणसाला, शून्य." मग माझं तोंड पाहून म्हणाली, "तुमचा हिरमोड केला का मी? सगळ्याच गावांत लोकांचा होतो."

मी म्हणाले, नाही, दारू घ्या अजून थोडी.

हे मी तुला लिहिलं नसतं तर चाललं असतं. तू सँ-नाझेरला, तुला कोण सांगायला येणार होतं? तीन दिवस हेच मनात घोळवलं. पत्र पेटीत टाकते आहे ते एवढ्यासाठी की मागचं पत्र अर्धं होतं. उरलेलं लिहायला मला थोडा वेळ दे.

गेत


व्होक्लेर, २ जून १९९८

आर्मेल,

मला ऐकू आलं होतं.

हे वाक्य मी पापनिवेदनात तीन पाद्र्यांना सांगितलंय. फादर केनेल म्हणाले, पोरीबाळींच्या गोष्टी, दहा प्रार्थना म्हण. दुसऱ्यांना वाटलं मला कानाचा काही आजार आहे. तिसरे म्हणाले, हे मला नको, बहिणीला सांगा. त्यालाही बावीस वर्षं झाली.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. तुला तुझ्या जागेवरून दिसलं नसेल. मदर आंजेलिक वेदीपाशी, तुझ्या जवळ होत्या. त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, जिथे थंडीत गुडघे दुखतात. म्हणाल्या, "युगेत, तू खोटं बोलणारी मुलगी नाहीस. आवाज पोचतो का तेवढं सांग. छान आहे की नाही ते मी बघते."

तू गायलीस. तुझा चेहरा पडत होता, पण आवाज पडत नव्हता. तो खांबांच्या मधून सरळ आला, माझ्यापर्यंत आला, माझ्या मागच्या दाराला लागला. शब्दन् शब्द ऐकू आला. कुंडातल्या पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा थरथरला असं मला वाटलं. पाणी थरथरलं नसेल, मी थरथरले असेन. इतकं चांगलं तू त्याआधी कधी गायली नव्हतीस. भिंत काही परत देत नव्हती, म्हणून तू सगळंच देऊन टाकलंस.

मदर आंजेलिकनी तिथून विचारलं, "काय गं?"

मी म्हणाले, "नाही. पोचत नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

आदल्या रात्री मी जिन्यात बसून आई-बाबांचं बोलणं ऐकलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. घरात एक मुलगी लागणारच होती. बाबा म्हणाले, "आर्मेल रुआंला गेली तर गेतला शाळेतून काढावं लागेल." आर्मेल, मला कॉन्व्हेंट किती आवडायचं ते तुला माहीत आहे. ते मेणाच्या पॉलिशचा वास येणारे लांब वऱ्हांडे, निळ्या शाईच्या दौती, सकाळी सहाला कुणीतरी आपल्याला नावाने उठवणं. घरी होतं काय? आईचं भांडं, बाबांचा चुना. मी माझी शाळा वाचवली.

आणि तू काय केलंस? त्याच संध्याकाळी बटाटे सोलता सोलता बाबांना म्हणालीस, "मग मीच राहते घरी. गेतला शिकू द्या, डोकं तिचं आहे." माझ्याकडे पाहून हसलीससुद्धा. मी ताटातलं सगळं संपवलं. मला भूक लागली होती.

तुझ्या जोरावर मला अडीच वर्षं मिळाली, दाखला मिळाला, पोस्टातली खुर्ची मिळाली. मग इव्ह आला आणि तू गेलीस, आणि आईचं भांडं शेवटी माझ्याकडेच आलं. पण तोवर माझं झालं होतं. तुझं व्हायचंच राहिलं.

आणि आईच्या अंत्यसंस्काराला तू आत आली नाहीस. पाऊस नव्हता तरी छत्री धरून दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिलीस. मी बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या आवाजासारखीच तुझी माया, कुणापर्यंत पोचत नाही." आपण एकतीस वर्षं बोललो नाही ते या वाक्यामुळे, असं तुला वाटतं. त्या वाक्याच्या पोटात काय होतं ते मला एकटीला माहीत होतं. माणूस ज्याचं वाईट करतो त्याच्यावरच चिडून असतो, हे कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नाही.

ती मडकी निघाली तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, चला, दोष मातीचा. दोरी चुकली होती आणि मी तिची मान करून तुला पाठवली. त्या फुगेवाल्या बाईने तेवढंही राहू दिलं नाही, तिचं भलं होवो.

तू ये असं आता म्हणत नाही. ते म्हणायचा मला हक्क नाही. तुझा आवाज पोचला होता, हे तुला तुझ्या बहिणीने सांगायला हवं होतं. सांगितलं. बेचाळीस वर्षं उशिरा.

युगेत


सँ-नाझेर, ११ जुलै १९९८

युगेत,

एक महिना मी उत्तर दिलं नाही. तू पोस्टातली आहेस, तुला दिवस मोजता येतात, तेव्हा मोजले असशील. ठीक झालं.

मला हे माहीत नव्हतं. लोक म्हणतात ना, "मला तेव्हाच कळलं होतं", तसं काही मला कळलं नव्हतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मदर आंजेलिकवर ठेवला नसता, त्यांना कुठे सूर कळायचा. पण तू खोटं बोलायची नाहीस हे गावाला माहीत होतं. फाटकाशी बोललीस तेही मी खरंच धरलं. म्हणून आले नाही परत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग खिडक्या पुसल्या. नऊ खिडक्या आहेत.

माझ्या तिन्ही मुलांना वाटतं की आईला गाणं आवडत नाही. मी भांडी घासतानाही कधी गुणगुणले नाही. कार्दीन, माझी धाकटी, लहान असताना विचारायची, "आई, शेजारची बाई झोपवताना गाते, तू का नाही?" मी सांगायचे, "मला येत नाही." इव्हलाही तेच सांगितलं. तेहतीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले आणि त्याला माहीत नव्हतं. इव्ह गेला आणि कार्दीन पस्तिशीची झाली. आता कुणासाठी गाऊ, ते मला कळत नाही. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते लिहिण्याइतकं मला अजून कळलेलं नाही, आणि नुसतं लिहायला मला आवडत नाही.

बाबांचा राग येत नाही. त्यांचा हात वर जात नव्हता. तुझं वय पंधरा होतं हे मी स्वतःला रोज सांगते. दुपारपर्यंत पटतं.

३० तारखेला मी येणार नाही. पाद्री, नगराध्यक्ष, गर्दी, मला नको. २९ ला, शनिवारी, दुपारच्या बसने येईन. किल्ली तुझ्याकडे असतेच. आतून कडी लाव. त्या ताबुएलला बाहेर ठेव.

तू वेदीपाशी मडक्यांखाली उभी राहा, माझ्या जागेवर. आणि गा. पूर्ण गाणं, आपलं नाताळचं, तिन्ही कडवी. तुला येत नाही हे मला माहीत आहे. मदर आंजेलिक तुला सांगायच्या, "युगेत, तू नुसते ओठ हलव." या वेळी ओठ हलवून भागणार नाही.

मी शेवटच्या बाकावर बसेन. तिथून काय ऐकू येतं ते मला एकदा बघायचंय. तुझ्या जागेवर बसून बघायचंय.

संधिवातामुळे मला खालचा पलंग लागेल. सशाचं मांस करू नकोस, मी खात नाही.

आर्मेल


व्होक्लेर, २१ ऑगस्ट १९९८

आर्मेल,

खालचा पलंग केला. मासळीचं सूप करेन.

परांची परवा उतरली. कॉर्बँ जाताना टोपी काढून म्हणाला, "बाई, अजून दोनशे वर्षं तरी बघायला नको." मडकी उघडी ठेवायचं ठरलं. तोंडांना बारीक जाळी बसवली आहे, माश्यांसाठी. ती बसवायला बोलावलं तेव्हा मी परांचीवर गेले नाही. म्हटलं, तुमचं तुम्ही करा.

चुना ताजा आहे म्हणून वास येतो. तुला त्रास झाला तर दार उघडं ठेवू, पण मग बाहेर ऐकू जाईल.

मी सराव करते. घरी करते, कोंबड्यांना सवय झालीय. एकदा सकाळी चर्चमध्ये करून पाहिला. कुणी नाही असं समजून पहिलं कडवं म्हटलं. इव्होन मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडत खांबामागे बसली होती. म्हणाली, "युगेत, आत वासरू शिरलंय का गं?" तिलाही ऐकू गेलं म्हणजे बघ. तिला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं पाद्रीसाहेबांनी मला काहीतरी प्रायश्चित्त दिलंय. दुसऱ्या कडव्यात वरची पट्टी येते तिथे माझा श्वास पुरत नाही. तू कुठे श्वास घ्यायचीस ते आठवायचा प्रयत्न करते, आणि मला तुझी पाठच आठवते, वेणी आणि ताठ खांदे. श्वास घेताना मी तुला कधी पाहिलंच नाही.

शनिवारी बस दोन वाजून दहा मिनिटांनी येते. मी थांब्यावर असेन. ओळखशील ना? मी जाड झालेय आणि केस पांढरे आहेत.

मी तिन्ही कडवी म्हणेन. चुकले तरी थांबणार नाही. म्हणून झाल्यावर मी जागेवरून हलणार नाही, तुझ्याकडे चालत येणार नाही, काही विचारणारही नाही. तू हवा तेवढा वेळ घे. मग मागून तू जे सांगशील ते मी खरं मानीन. तू मानलं होतंस तसं.

तुझी,
गेत